सगळ्यांत वरची ओळ

लिनेट गार्बटला त्या समितीवर या म्हणून कोणी घरी अक्षत द्यायला आलं नव्हतं. तीच आपल्या पायांनी गेली. थॉर्नसीच्या छोट्या रुग्णालयात गरम पाण्याचा एक तलाव होता. त्याच्या बाहेर लाकडी बाक, आणि बाकाच्या वर भिंतीवर फळा. एका मंगळवारी त्या फळ्यावर नवा कागद दिसला. गरम पाण्यातल्या व्यायामावर जगभर जेवढं म्हणून संशोधन झालंय, ते सगळं गोळा करून विद्यापीठ त्याचा आढावा घेणार होतं, आणि त्या कामात त्यांना रुग्ण आणि रुग्णांच्या घरची माणसं हवी होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की शास्त्राचं ज्ञान नसलं तरी चालेल.

"चला," बेरिल म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी माझं अज्ञान हवंय."

बेरिल ही त्या बाकावरची सगळ्यांत जुनी म्हातारी. दोन्ही खुबे बदललेले, जीभ मात्र मूळचीच. बाकावरचे सगळे हसले. लिनेटही हसली, आणि हसता हसता तिनं कागदावरचा नंबर हाताच्या तळव्यावर लिहून घेतला.

तिला त्या कामाची हौस होती असं नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढण्यात तिची नोकरी झाली, निवृत्तीनंतर तिला समित्या-बिमित्यांचा सोसही नव्हता. पण तलाव जाणार अशी कुजबुज गावात सुरू झाली होती. पाणी तापवणारी यंत्रणा म्हातारी झाली होती आणि आरोग्य मंडळाच्या डोळ्यांत तो तलाव सलत होता. मंडळानं सांगून टाकलं होतं, की विद्यापीठाचा आढावा येऊ दे, त्यात उपयोग दिसला तर ठेवू, नाहीतर नाही. म्हणजे तलावाचा निकाल त्या आढाव्यात लागणार होता. मग तिथं आपलं माणूस नको?

आणि तलाव म्हणजे नेव्ह.

नेव्ह तिचा नवरा. मासळी बाजारात मासे कापण्यात त्याची हयात गेली. मणके हळूहळू एकमेकांना धरत जातात असा आजार त्याला ऐन तारुण्यात जडला, आणि साठी ओलांडेपर्यंत पाठीची काठी झाली. मान वळत नाही. हाक मारली की अख्खा माणूस वळतो, भिंतीलगतचं कपाट सरकवावं तसा. गोळ्यांनी पोटात रक्त वाहिलं म्हणून त्या बंद केल्या. इंजेक्शनं काही काळ लागू पडली, मग तीही पडेनाशी झाली. रात्र तो खुर्चीत बसून काढतो. पण माणूस कुरकुऱ्या नाही, उलट चेष्टेखोर. डॉक्टरांनी 'कसं काय' विचारलं तर म्हणतो, "ताठ मानेनं जगतोय."

मंगळवारी मात्र तो खरा हसायचा. झुल्यासारख्या खुर्चीत बसवून त्याला पाण्यात सोडत. पाणी छातीपर्यंत आलं की त्याचे खांदे खाली उतरत, मुठी सुटत, आणि थोड्या वेळात तो शीळ घालायला लागे. अख्ख्या आठवड्यात ती शीळ लिनेटला तेवढीच ऐकू यायची. काठावर टॉवेल घेऊन बसलेली ती एकदा त्याला म्हणाली, "एवढं काय आहे रे त्या पाण्यात?"

"लिन," तो म्हणाला, "इथं मी माझं अंग विसरतो बघ."

हे वाक्य घेऊन लिनेट समितीत गेली. तेवढंच तिच्यापाशी होतं.

समितीत तिच्यासारखे आणखी काही रुग्ण होते, आणि सगळ्यांना सांभाळून घ्यायला इमोजेन नावाची विद्यापीठातली एक तरुण संशोधिका. पोरगी लाघवी. कुणाला कळलं नाही की दोनदा समजावायची, चहाबरोबर बिस्किटं स्वतः आणायची, आणि सामान्य माणसाचं ऐकलं पाहिजे यावर तिचा मनापासून विश्वास होता. दाखवायला म्हणून नव्हे, खराखुरा. पुढं जे झालं त्यात हिचा दोष काढायचा म्हटला तर एवढाच निघेल.

पहिल्याच बैठकीत इमोजेननं दाखवलं, की जगभरचे संशोधक काय काय मोजतात. गुडघा किती वाकतो. माणूस किती लांब चालतो. बारा आठवडे पाण्यात व्यायाम केल्यावर दुखणं किती कमी होतं.

लिनेटनं हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता एवढा सरळ.

"आणि पाण्यात असताना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो पाण्यात असतो तेव्हा त्याला कसं वाटतं, हे कोण मोजतं? तुम्ही आधी मोजता आणि बारा आठवड्यांनी मोजता. मधे तो पाण्यात असतो त्याचं काय? आमच्या ह्यांचं अंग त्या तासात दुखत नाही हो. आठवड्यात तो एकच तास. बाहेर आला की पुन्हा आहेच."

मग कोपऱ्यातला संधिवाताचा एक गडी हळूच म्हणाला, "बाई खरं बोलतेय." आणखी एकीनं मान डोलावली. इमोजेनचे डोळे चमकले.

"लिनेट, याचसाठी तुम्ही हव्या होता," ती म्हणाली. "आमच्या हे डोक्यातच आलं नसतं."

कुणालाही आवडेल असं वाक्य आहे. लिनेट त्या दिवशी बसमधून घरी येताना खिडकीतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे बघून हसत होती.

कामाची रीत अशी होती, की काय काय तपासायचं त्याची यादी करायची आणि रुग्णांनी एकेका गोष्टीला गुण द्यायचे. सर्वांत जास्त गुण ज्याला, ते निष्कर्षांच्या तक्त्यात सगळ्यांत वर. लिनेट इरेला पेटली. समितीतल्या एकेकाला तिनं फोन केले. संधिवातवाला गडी तर तिच्या बाजूनं होताच. निवडणुकीला उभी असल्यासारखी ती महिनाभर वावरली. नेव्ह चिडवायचा, "पार्लमेंटलाच उभी राहा आता. माझं मत तुला." शेवटी मतं मोजली, तर नेव्हचं वाक्य सगळ्यांत वर. नावसुद्धा त्याच्याच शब्दांत ठेवलं: 'अंग विसरायला होणं'.

मतं लागली त्या संध्याकाळी इमोजेनचा फोन आला.

"अभिनंदन. पण एक बोलू का? लागेल तुम्हाला कदाचित."

"बोल की पोरी."

"आजवर हे कुणी मोजलं असेल असं मला वाटत नाही. आपण शोधू, नीट शोधू. पण बहुतेक ती ओळ रिकामीच राहील. सगळ्यांत वरची ओळ, आणि पुढं काही नाही. चालेल तुम्हाला? अजून वेळ आहे, खाली घेता येईल."

"राहू दे रिकामी," लिनेट म्हणाली. "दिसू दे जगाला. एवढे शिकले-सवरले, एवढे अभ्यास केले, आणि पाण्यात बसलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, आत्ता कसं वाटतंय. वरच दिसू दे ते."

तिला वाटलं, रिकामी ओळ म्हणजे संशोधकांच्या मुस्काटात. वाचतील, शरमतील, पुढचा अभ्यास नीट करतील. चुकीचं काय होतं त्यात? आजही विचारलं तर मला त्यात चूक काढता येत नाही. फक्त तो कागद आणखी कोण वाचणार आहे, हे ती त्या घटकेला विसरली. आणि त्या वाचणाऱ्या मंडळासाठीच तर ती समितीत गेली होती.

शोध झाला. जपानपासून ब्राझीलपर्यंतचे अभ्यास चाळून झाले. दुसरी ओळ चांगली भरली: बारा आठवड्यांनी दुखणं थोडं कमी होतं, आणि हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. तिसरी, चौथीही बरी होती. पहिली ओळ रिकामी.

मग साध्या भाषेतला सारांश लिहायचा होता. पहिलं पान, जे कुणालाही कळावं असं. त्याचं काम लिनेटकडे आलं. इमोजेन संगणक घेऊन थॉर्नसीला आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. लिनेटनं आल्याचा काळसर केक कापला. नेव्ह आपल्या खुर्चीतून सूचना करत होता, "माझं नाव घाला. फोटो पण घाला. तरुणपणचा."

इमोजेननं आपलं वाक्य वाचून दाखवलं. "'अंग विसरायला होणं या बाबतीत आम्हाला पुरावा सापडला नाही. पुराव्याचा अभाव हा परिणामाचा अभाव समजू नये, कारण या बाबतीत मोजणीच झालेली नसल्यामुळे परिणाम असण्याची वा नसण्याची शक्यता तपासली गेलेली नाही.'"

"अगं बाई," लिनेट म्हणाली. "हे बेरिल वाचणार आहे. दुसऱ्या 'अभाव'पाशी ती घोरायला लागेल."

"थोडं जड झालंय खरं."

"थोडं? पहिलं वाक्य छान आहे. पुरावा सापडला नाही, संपलं. पुढचं सगळं काढ."

इमोजेनचं बोट कळीवर थांबलं. "पण लिनेट, ते असावं म्हणून असतं."

"कुणासाठी असतं? तुमच्यासाठी. साध्या भाषेत म्हणालीस ना? मग साध्या भाषेत. सापडलं नाही म्हणजे सापडलं नाही. एवढं लोकांना कळतं."

पोरीनं क्षणभर विचार केला. रुग्णांच्या पानावर रुग्णांचा शब्द शेवटचा, असं त्यांचं ठरलेलं होतं, आणि ते तिनंच पुढाकार घेऊन ठरवून घेतलं होतं. तिनं वाक्य काढलं. "खरंच छान वाटतंय," ती म्हणाली, आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

आढावा छापून आला तेव्हा नेव्हनं पहिलं पान तलावाबाहेरच्या फळ्यावर स्वतः लावलं. हात वर जात नाही म्हणून ते बरंच खाली लागलं, बाकावर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "वरचं वाक्य माझं, आणि खालची वाक्यं आमच्या बाईसाहेबांची. घरात पण अशीच थोडक्यात बोलते, 'नाही' म्हणते आणि संपवते."

आरोग्य मंडळाची सभा नगरभवनात होती. लोकांना बसायची परवानगी होती. नेव्हला एवढा वेळ तिथल्या कडक खुर्चीवर बसवणार नाही म्हणून तो घरी राहिला. बेरिल आणि बाकावरची मंडळी लिनेटच्या मागच्या रांगेत बसली. लिनेटनं नवा कोट घातला होता. तिच्या मनात भीती नव्हतीच. दुसरी ओळ भरलेली आहे, थोडा का होईना फायदा आहे, बऱ्यापैकी खात्री आहे. आणखी काय हवं?

मंडळाच्या अधिकाऱ्यानं पडद्यावर तक्ता दाखवला. लिनेटला आपलं पान एवढं मोठं झालेलं बघून ऊर भरून आला. मग त्यानं पहिली ओळ आणखी मोठी केली. बाकीच्या पडद्याबाहेर गेल्या.

"या आढाव्याचं वैशिष्ट्य म्हणजे," तो म्हणाला, "यात रुग्णांना विचारलं गेलं. आम्ही काय महत्त्वाचं ते ठरवलं नाही, डॉक्टरांनीही नाही. रुग्णांनी ठरवलं. त्यांच्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही वरची. आणि तिच्याबद्दल रुग्णांच्याच शब्दांत सांगायचं तर, पुरावा सापडला नाही. आम्ही रुग्णांचं ऐकायचं ठरवलं आहे."

लिनेट उठून उभी राहिली.

"दुसरी ओळ वाचा!"

अध्यक्षबाई मऊ स्वभावाच्या होत्या. त्यांनी हातानं अधिकाऱ्याला थांबवलं. "बोला ना. आपण समितीवर होता का?"

"होते. दुसऱ्या ओळीत लिहिलंय, दुखणं कमी होतं. तिसरी बघा, चौथी बघा."

"आम्ही बघितल्यात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण त्या तुमच्याच दृष्टीनं खालच्या आहेत. त्या वर असत्या, तर आम्हीही त्यांना तसं वजन दिलं असतं."

"अहो, पण वरची रिकामी आहे ती कुणी मोजलं नाही म्हणून! होत नाही म्हणून नव्हे! मी रोज बघते ना. म्हणजे दर मंगळवारी बघते. शीळ घालतो तो पाण्यात."

सभागृहात कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं नव्हे, पण हसलं.

अध्यक्षबाईंनी समोरचं पान उचललं, चष्मा सावरला, पुन्हा एकदा वाचलं. त्यांनी मनापासून वाचलं हे लिनेटला दिसत होतं. "तुम्ही म्हणता तसं असेल," त्या म्हणाल्या. "पण ते इथं लिहिलेलं नाही. असं काही असतं तर लिहायला हवं होतं."

लिनेट उभीच राहिली. ते वाक्य तिला आता अक्षर न् अक्षर आठवत होतं. दोन्ही अभावांसकट.

तलाव बंद करण्याचा ठराव झाला. बाहेर पडताना अध्यक्षबाई मुद्दाम तिच्यापाशी आल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, की तुमच्यासारख्या लोकांमुळेच अशा निर्णयांना अर्थ येतो. बेरिल मागून म्हणाली, "ऐकलंस? अर्थ आला म्हणे. आता मी त्या अर्थात पोहते." मग तिनं लिनेटच्या पाठीवर हात ठेवला. "तू लढलीस हो बये. तू नसतीस तर आम्हाला कुणी विचारलंही नसतं."

लिनेटला तो हात झटकून टाकावासा वाटला. ओरडून सांगावंसं वाटलं, की मी नसते तर तलाव राहिला असता. मी त्या बाकावरून उठलेच नसते, तर इमोजेननं तिची ती ठरीव यादी वापरली असती, दुखणं वर आलं असतं, आणि आज आपण सगळे चहा पीत बसलो असतो.

इमोजेन फोनवर रडली. मंडळाला तिनं पत्रं लिहिली, स्पष्टीकरण पाठवलं, पहिल्या पानात ते वाक्य परत घातलं. मंडळाचं उत्तर आलं की ठराव झालेला आहे.

"आपण छोटासा अभ्यास करू," ती म्हणाली. "फक्त त्या तासाचा. पाण्यात असतानाच विचारायचं. तुम्हीच प्रश्न ठरवा. मग ती ओळ रिकामी राहणार नाही, लिनेट."

"कुठल्या पाण्यात, पोरी?" लिनेटनं विचारलं.

दुसरा तलाव शहरात होता, आणि तिथवर गाडीत बसून जाणं नेव्हच्या पाठीला झेपण्यातलं नव्हतं.

शेवटच्या मंगळवारी सगळे आले. नेव्ह नेहमीसारखा झुल्यातून उतरला, नेहमीसारखे त्याचे खांदे सुटले. शीळ घालतच राहिला. तास संपल्यावर झुला खाली आला तेव्हा तो म्हणाला, "जरा थांबता का?" आणि कुणीच घाई केली नाही. शेवटी बाहेर काढलं तेव्हा बोटांची कातडी पार सुरकुतली होती. जाताना त्यानं फळ्यावरचा कागद उतरवून खिशात घातला. घरी येऊन तो फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावला.

सभेत काय झालं ते लिनेटनं त्याला सांगितलं होतं. सगळं नव्हे. ऐकलं नाही त्यांनी, एवढंच म्हणाली होती.

"वाचता येत नाही त्यांना," नेव्ह म्हणाला होता. "तू एवढं स्वच्छ लिहिलंयस. शेंबड्या पोराला कळेल."

हिवाळा आला तसा तो आक्रसत गेला. चेष्टा कमी झाली. आधी खुर्चीतून उठताना कण्हायचा, मग बसल्या बसल्या कण्हायला लागला. शीळ तर गेलीच. लिनेट गरम पाण्याच्या पिशव्या भरून पाठीशी लावायची, त्या गार व्हायच्या, ती पुन्हा भरायची. मंगळवारी सकाळी तो न चुकता नेहमीच्या वेळेला जागा असायचा आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचा. त्या दिवशी ती घराबाहेर जायची कारणं शोधायची. त्याच्याबरोबर मंगळवार काढणं तिला सोसवत नव्हतं.

असाच एक मंगळवार. ती स्वयंपाकघरात पिशवी भरत होती. खुर्ची खिडकीकडे, नेव्हची पाठ तिच्याकडे.

"लिन. वाच ना ते."

"काय?"

"फ्रिजवरचं. माझं वाक्य."

"पाठ आहे ना तुला."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

तिनं हात पुसले. कागद पाण्यानं आणि वाफेनं फुगला होता. ती वाचायला लागली. "'अंग विसरायला होणं. रुग्णांच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं.'"

नेव्हनं डोळे मिटले असावेत. त्याचा श्वास थोडा सैल झालेला तिला मागून दिसला. "छान," तो म्हणाला. "आणि पुढे?"

"'याबाबत पुरावा सापडला नाही.'"

"आणि?"

"आणि काही नाही."

"एवढंच? ती पोरगी आणखी काहीतरी लांबलचक वाचत होती त्या दिवशी. केक खाताना. मला वाटलं, मोजलंच नाही असं काहीतरी होतं त्यात."

पिशवीतलं पाणी तिच्या हाताला चटका देत होतं. तिनं ती खाली ठेवली नाही.

"होतं," लिनेट म्हणाली. "मी काढायला लावलं. ते असतं तर तलाव राहिला असता, नेव्ह."

खुर्ची करकरली. तो तिच्याकडे बघायला वळत होता. पूर्वी अख्खा माणूस तरी वळायचा. आता त्यानं खुर्चीचे हात धरले, पाय जमिनीवर सरकवले, खांदा थोडा आला, आणि मधेच कुठंतरी सगळं अडकलं. त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. थोडा वेळ तो तसाच धरून राहिला, मग पुन्हा खिडकीकडे गेला.

"नाही जमत गं," तो म्हणाला. "तूच ये समोर."

तिच्यापासून त्या खुर्चीपर्यंत स्वयंपाकघराची तेवढी फरशी होती. गरम पिशवी छातीशी धरून लिनेट तिथंच उभी राहिली.

"लिन?" त्यानं हाक मारली. "ये ना."